मायना

दुसऱ्याचा शब्द आपल्यापाशी ठेव म्हणून आला, की त्याच्या रक्षणाचा भार आपल्यावर येतो, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. ती ठेव फुटली तर मनुष्य चोराच्या शोधास निघतो, आणि बहुधा दिवा घेऊन अंगणात फिरतो. घरातला कोपरा त्या उजेडात येत नाही. शोधाच्या भरात एखाद्या निरपराध माणसावर बोट रोखले गेले, तर मूळ चोरीहून ते पाप मोठे. दुबलगुंडीच्या अलीकडे, हुमनाबादच्या वाटेवरील एका खेड्यात अच्युतराव नावाच्या सज्जन गृहस्थांच्या हातून ही दोन्ही पातके घडली. ते सज्जन होते, म्हणूनच ती इतकी सहज घडली.

हुमनाबादच्या शाळेत एकतीस वर्षे संस्कृत शिकवून अच्युतराव निवृत्त झाले होते. वय चौऱ्याहत्तर, आवाज खणखणीत, धोतर स्वच्छ. गावात कानडी बोलणारे निम्मे, मराठी बोलणारे निम्मे, आणि दोन्ही बोलणारे सगळेच. त्यांतील वाचनाची आवड असलेल्यांचा एक गट त्यांनी फोनवर जमवला होता. नाव ‘शनिवारचे वाचन’, सभासद सत्तावीस. कुणी कानडी वचन लिही, कुणी अभंग, कुणी पाऊसपाण्याची खबर. दर शनिवारी दुपारी रेवणसिद्धप्पांच्या किराणा दुकानाच्या ओसरीवर आठवड्याचे लेखन मोठ्याने वाचले जाई, कारण रेवणसिद्धप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शेजारच्या राजूबाईला अक्षरे ठाऊक नव्हती. अच्युतरावांनाही काचेवरची बारीक अक्षरे सोसत नसत. म्हणून शनिवारी सकाळी ते हुमनाबादला जात आणि संगणक केंद्रातून सारे मजकूर ठसठशीत अक्षरांत कागदावर काढून आणत.

त्यांची आणखी एक रीत होती. फोनात कुणाचेही नाव ते नुसते ठेवत नसत. पत्राला मायना असतो तसा नावाला असावा, असा त्यांचा आग्रह. रेवणसिद्धप्पा त्यांच्या फोनात ‘श्रीयुत रेवणसिद्धप्पा, सन्मित्र’ होते. त्यांचा मुलगा ‘चि. अमरनाथ’. अंगणवाडीच्या बाई ‘चि. सौ. नागरत्ना, कन्यासम’. आणि पत्नी मालतीबाई ‘गृहस्वामिनी’. मालतीबाईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “स्वामिनी म्हणे! आणि दळण आणायला कोण जातं?”

वैशाखाच्या आरंभी एका सोमवारी नागरत्ना त्यांच्याकडे आली. अंगणवाडीतली अकरा मुले आठवडाभर उलट्या-जुलाबांनी आजारी होती. गावाच्या शुद्ध पाण्याच्या खोलीवर, लोक जिला फिल्टर म्हणतात, तपासणीचे एक कार्ड टांगलेले असे. दर पंधरवड्याला पाणी तपासल्याच्या सह्या त्यावर होत्या.

“गुर्जी, सहा महिन्यांत तपासायला कुणी आलेलं मी बघितली न्हाई,” ती म्हणाली. “अन् सह्या बघा, सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या. एका बैठकीत मारल्यात. कुणाला सांगू?”

“आधी लिहून काढा. आपल्या गटात लिहा. चार शहाणी माणसं वाचतील, मग मिळून अर्ज करू.”

“गटात? बाहेर गेलं म्हंजे? माझी नोकरी मानधनावरची हाय. फिल्टरच्या कंत्राटदाराची ऊठबस वरपर्यंत हाय.”

“तिथं लिहिलेलं घरातल्या घरात राहतं,” अच्युतराव म्हणाले. “माझा शब्द आहे.”

तिने त्याच दुपारी लिहिले. शुक्रवारी तिला तालुक्याच्या कार्यालयातून कानडी नोटीस आली. शासकीय योजनेविषयी खोटा मजकूर पसरवल्याबद्दल कामावरून का कमी करू नये, याचा खुलासा मंगळवारी समक्ष येऊन करावा. अथवा मजकूर खोटा असल्याचे लिहून देऊन माफी मागावी.

नोटीस वाचून दाखवताना नागरत्नाचा आवाज कापत नव्हता, हेच अच्युतरावांना अधिक लागले. वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घातली आणि एवढेच म्हणाली, “घरातल्या घरात म्हणलाव, गुर्जी.”

त्या क्षणापासून त्यांच्या मनात संशयाने घर केले. सोमवारचा मजकूर अजून कागदावरही उतरला नव्हता. छापायचा तो शनिवारी. म्हणजे तो कागदावरून गेला नाही, सत्ताविसांतल्या कुणाच्या तरी फोनातून गेला. अच्युतरावांचे वडील निजामाच्या अमलात सोलापूरहून आलेली पत्रे देवापुढे एकदा वाचत आणि चुलीत घालत. पत्र घरात राहिले की त्याला पाय फुटतात, असे ते म्हणत. त्या घराण्यातल्या पुरुषाच्या देखत एका बाईचा शब्द फुटला होता.

त्यांनी बंगळुरूला प्रणेशला फोन लावला. हा त्यांचा मुलगा. इंटरनेटच्या एका कंपनीत नोकरीला होता, आणि त्याआधी तीन वर्षे आखातात राहून आला होता.

“कंपनी आपलं लिहिलेलं वाचते का रे?”

“वाचत नाही, अप्पा. निरोप कुलपात घालून जातो, किल्ली फक्त दोन टोकांना. कुणी कुणाला किती वाजता लिहिलं, एवढं मात्र कंपनीपाशी राहतं.”

“असं कंपनी म्हणते.”

“हो, असं कंपनी म्हणते.” प्रणेश हसला. “तुमच्यापुढं पगार घेणाऱ्याचं काही चालत नाही.”

“आणि सरकारनं कुलूप काढ म्हटलं तर?”

“जसं राज्य तसं उत्तर. काही ठिकाणी कंपनी म्हणते, आधी न्यायालयाचा कागद आणा. काही ठिकाणी सरकार म्हणतं, किल्ली द्या, नाही तर गाशा गुंडाळा. आखातात आमच्या गटात नुसते जेवणाचे फोटो असायचे. एकानं रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकला, तर संध्याकाळपर्यंत अकराजण गट सोडून गेले. कुणी काही म्हणालं नव्हतं. नुसत्या भीतीनं.”

“आणि आपल्याकडे?”

“आपल्याकडे दोन्ही चालतं, कुठलं केव्हा, सांगता येत नाही. पण एका खेड्यातल्या फिल्टरसाठी कुणी कंपनीच्या दारात जात नाही, अप्पा. हे जवळच्याच कुणाचं तरी काम. तुमचा फोन आणखी कुठं जोडलेला आहे का? कुणाच्या हातात देता?”

“मी फोन कुणाच्या हातात देत नाही,” अच्युतराव ठामपणे म्हणाले, आणि त्यांना ते खरेच वाटत होते.

मग ते पाटीवर सत्तावीस नावे लिहून बसले. पोळ्या लाटता लाटता मालतीबाईंनी डोकावून पाहिले. “म्हणजे सव्वीस चोर झाले. सत्ताविसावे तुम्ही.”

“थट्टेची वेळ नाही.”

“मी कुठं थट्टा करायलेय?”

नावे खोडता खोडता खडू एका नावापाशी थांबला. अमरनाथ. रेवणसिद्धप्पांचा मुलगा, बीदरजवळ कोळारच्या एका गोदामात नोकरी करणारा. गटात असून त्याने कधी एक ओळ लिहिली नव्हती. आणि बुधवारी संध्याकाळी तो कंत्राटदाराच्या जीपमधून गावात उतरलेला अच्युतरावांनी स्वतः पाहिला होता. जो सगळे ऐकतो आणि स्वतः काही बोलत नाही, तो कुणासाठी ऐकतो? एवढ्याशा धाग्याने त्यांनी साऱ्या घटनेचे वस्त्र विणले, आणि ते त्यांना अंगाला बेतून शिवल्यासारखे वाटले.

शनिवारी ओसरीवर नेहमीची दहाबारा माणसे जमली. सुट्टी असल्याने अमरनाथही पोत्याला टेकून बसला होता. अच्युतरावांनी कागद उघडलेच नाहीत.

“अमरनाथ, बुधवारी तू कंत्राटदाराच्या जीपमधून आलास.”

“व्हय काका. बस चुकली. त्यांनी हात केल्ते, बसलो.”

“वाटेत काय बोलणं झालं?”

“काय न्हाई. ते फोनवरच बोलायलते. मला झोप लागली.”

“झोप लागली,” अच्युतरावांनी ते दोन शब्द असे उच्चारले, की राजूबाईने पदर तोंडाला लावला.

रेवणसिद्धप्पांनी आपले अधू डोळे आवाजाच्या दिशेने वळवले. “अच्युतराव, आडून कामून बोलायलाव? माझ्या पोराला चुगलखोर म्हणायचंय का तुमाला?”

“मी फक्त विचारतो आहे.”

“तुमचं इचारणं म्हंजे निकालच असतंय. चाळीस वर्षं बघायलोय की.”

“नागरत्नाचा मजकूर कुणीतरी बाहेर नेला. ज्यानं नेला त्यानं इथंच सांगावं. मी त्याला क्षमा करीन.”

अमरनाथ हळूच हसला. पण त्या हसण्यात गंमत नव्हती. त्याने खिशातून फोन काढला, बोटाने दोनदा दाबले आणि काच सर्वांकडे फिरवली. “घ्या. गट सोडलो. आता सव्वीस राह्यले. पुढच्या बारीला सोपं जाईल बघा तुमाला, काका.” पायात चपला घालून तो उन्हात निघून गेला. रेवणसिद्धप्पांनी शनिवारचा चहा सांगितला नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत असे प्रथमच झाले.

रविवारी दुपारी नागरत्ना पुन्हा आली. तिने मनाशी ठरवले होते.

“माफी लिहून देते, गुर्जी. एवढं माझं कानडी बघून द्या, चूक ऱ्हाऊ नये.”

“पण तुम्ही लिहिलं ते खरं आहे.”

“खरं हाय म्हणूनच तर माफी मागायची. खोटं असतं तर कोण इचारलं असतं?”

नोटिशीतला दिनांक माफीच्या अर्जात घालायचा म्हणून तिने पिशवीतले सारे कागद काढले. नोटिशीमागे एक जोडपत्र टाचलेले होते, जे तिने लाजेपायी शुक्रवारी दाखवले नव्हते. तिच्या मूळ मराठी मजकुराचे ते चित्र होते, संगणकाच्या पडद्यावरून जसेच्या तसे उतरवलेले. अच्युतरावांनी चष्मा पुसला. मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचे नाव होते:

‘चि. सौ. नागरत्ना, कन्यासम’.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग मालतीबाईंना त्यांचा स्वतःचा फोन आणायला सांगितले आणि तोच मजकूर त्यात काढला. तिथे नाव होते ‘नागरत्ना अंगणवाडी’. ज्याच्या फोनात जसे लिहिलेले, तसेच ते दिसते. हा मायना या पृथ्वीतलावर एकाच फोनात होता.

“सही करू नका,” ते म्हणाले. त्यांचा खणखणीत आवाज कुठेतरी आत गेला होता. “हा कागद माझ्या फोनातून निघालेला आहे.”

नागरत्नाने त्यांच्याकडे पाहिले. “तुमच्या? म्हंजे तुमी, गुर्जी?”

त्या नजरेत राग नव्हता. शनिवारी ओसरीवर आपण जशी नजर टाकली, तशीच ती होती. निर्दोष माणसाला ती कशी भाजते, हे अच्युतरावांना तेव्हा कळले. आणि आपण धड निर्दोषही नाही, हे त्यापाठोपाठ कळले.

“मी दिला नाही. पण कसा गेला, ते उद्या शोधून येतो. तेवढा एक दिवस द्या.”

ती जायला उठली. माफीचा अर्ज मात्र तिने पिशवीत परत ठेवला. वाऱ्यावर सोडून दिलेल्या शब्दाच्या मानाने हा विश्वास फार होता.

रात्रभर त्यांनी आठवून पाहिले; फोन कुणाच्याही हाती दिल्याचे आठवेना. मग पहाटे संध्येला बसले असता, आचमनासाठी उजवा हात पुढे होताच, त्या हातातून फोन घेणारा दुसरा हात त्यांना दिसला. दर शनिवारी दिसणारा, आधी पायांना लागणारा हात. संगणक केंद्रातला हावगेप्पा त्यांचा विद्यार्थी होता. शिष्याचा हात परका गणावा, हे त्यांच्या मनाला कधी शिवलेच नव्हते. म्हणून ‘कुणाच्या’ या शब्दात हावगेप्पा बसला नव्हता.

सोमवारी सकाळी ते केंद्रात गेले. हावगेप्पाने नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. “आज सोमवारीच आलाव, गुर्जी? बसा की.”

ते भिंतीकडेच्या बाकावर बसले. नुसते पाहत राहिले. हावगेप्पा कुणाचा तरी सातबारासारखा उतारा काढत होता. मध्येच पडद्याच्या कोपऱ्यात काही चमकले. त्याने सवयीने तिकडे पाहिले आणि सहज, अगदी घरच्या मुलासारखा म्हणाला, “गुर्जी, काकू म्हणायल्यात, येताना कढीपत्ता आणा.”

त्यानंतर अच्युतरावांच्या खिशातला फोन थरथरला.

केंद्रातला पंखा फिरत होता. हावगेप्पाचे बोट कळफलकावरच राहिले. आपण काय बोलून गेलो, हे त्याला हळूहळू उमगत होते.

“किती दिवस?” अच्युतरावांनी विचारले.

“गुर्जी, तुमीच म्हणलाव की. दर बारीला जोडायचा तरास नको, राहू दे तसंच.” तो उभा राहिला होता, शाळेत उभा राही तसा. “तवापासून हाय. ह्यो न्हाई, त्याच्या मागच्या फाल्गुनापासून.”

हे खरे होते. ते वाक्य त्यांचेच होते. उन्हाची वेळ होती, परतीची बस सुटत होती, आणि ते उदारपणे म्हणाले होते, राहू दे. चौदा महिने गटातली प्रत्येक ओळ, प्रणेशची खुशाली, मालतीबाईंचा मधुमेह, राजूबाईच्या जमिनीचा तंटा, सारे या खोलीत येऊन पडत होते. कंपनीचे कुलूप शाबूत होते. कडी अच्युतरावांनी स्वतः काढून ठेवली होती.

“तू नागरत्नाचं कुणाला दाखवलंस?”

“मी न्हाई दावलो. मालक दुपारच्याला इथं बसतेत. फिल्टरवाले त्यांचे मेव्हणेच की.” त्याने मान खाली घातली. “त्यांनी कागद काढला तवा मी इथंच होतो. म्हणलो न्हाई काही.”

“का?”

“तुमी माझे गुर्जी हाव. अन् पगार ते देतेत.”

तो खरे किती सांगत होता आणि झाकत किती होता, हे अच्युतरावांना तेव्हाही समजले नाही, पुढेही कधी समजले नाही. त्यांनी त्याच्याकडून समोरासमोर जोडणी तोडून घेतली. फोनातल्या जोडण्यांच्या यादीतली ती एकुलती एक ओळ पुसली गेल्याचे पाहिले. पडदा पांढरा झाला. तरीही दाराबाहेर पडताना पाठीमागे कुणीतरी वाचत बसले आहे, असे त्यांना वाटत राहिले.

कढीपत्ता न घेताच ते गावी परतले आणि थेट ओसरीवर गेले. अमरनाथ पाळी बदलल्याने घरीच होता. अच्युतरावांनी राजूबाईला आणि शेजारच्या दोघातिघांना हाका मारल्या. ज्यांच्यादेखत आरोप केला, त्यांच्यादेखतच तो मागे घ्यायचा होता.

“शब्द फुटला तो माझ्या फोनातून,” ते उभ्यानेच म्हणाले. “मीच तो दुसऱ्याच्या खोलीत उघडा टाकून आलो होतो. अमरनाथ, तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. वयानं मी मोठा आहे म्हणून तू गप्प राहिलास. त्या वयाची मला लाज वाटते.”

रेवणसिद्धप्पांनी दोन्ही तळवे जोडून कपाळाला लावले. “शरणु,” ते पुटपुटले. क्षमा केली की नुसते ऐकले, ते कळायला मार्ग नव्हता.

अमरनाथने मान खाजवली. “काका, गटात परत घेऊ नका मला. तितं जीव लागत न्हाई माझा. पण उद्या तालुक्याला गाडी घेऊन येतो मी. तुमची बस चुकली तर पुन्ना त्याच्याच जीपमधी बसावं लागंल.”

राजूबाई खुदकन हसली, आणि आतून चहाच्या कपांचा आवाज आला.

मंगळवारी अमरनाथने दोघांना कार्यालयात नेले. अधिकारी मध्यमवयीन, सभ्य, घाईत असलेले होते. त्यांनी कानडीत विचारले, माफी आणली आहे का. नागरत्नाने अच्युतरावांकडे पाहिले. त्यांनी दोन्ही भाषांत स्वहस्ते लिहिलेला कागद टेबलावर ठेवला.

“या बाईंनी लिहिलं ते माझ्या सांगण्यावरून. हे जोडपत्र माझ्या फोनातून, मला न विचारता काढलेलं आहे; हा मायना माझा आहे, दुसऱ्या कुणाच्याही फोनात तो नाही. कुठल्या खोलीत, कुणाच्या संगणकावर काढलं, तेही लिहिलं आहे. खाली माझी सही आहे. मला याची पोच हवी.”

“हा कागद आमच्याकडे कसा आला, ते सांगता येणार नाही,” अधिकारी म्हणाले.

“सांगू नका. मी विचारलेलं नाही. नुसती पोच द्या.”

अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. खोलीचा पत्ता होता त्या ओळीवर त्यांचा अंगठा थांबला. ते फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. कुणाशी बोलतात ते मात्र कळत नव्हते. परत आले तेव्हा त्यांनी शिक्का उचलला.

“नोटीस तूर्त तहकूब. पाण्याचा नमुना मागवतो.”

“घेताना मी हजर असणार,” नागरत्ना म्हणाली. तिथे आल्यापासून ती प्रथमच बोलली. “बाटलीवर माझी बी सही पायजे.”

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. ती होकाराची होती की कंटाळ्याची, यावर परतीच्या वाटेत अमरनाथ आणि ती बराच वेळ वाद घालत होते. माफीचा अर्ज तिने गाडीतच फाडला; तुकडे मात्र बाहेर न टाकता पिशवीत ठेवले, घरी जाऊन चुलीत घालायला. ते पाहून अच्युतरावांना वडिलांची आठवण झाली.

गुरुवारी दोन माणसे बाटल्या घेऊन आली. नागरत्नाने प्रत्येक चिठ्ठीवर सही केली. अहवाल अजून यायचा आहे, आणि तोवर गावातली मुले विहिरीचे उकळलेले पाणी पितात. शनिवारचे मजकूर अच्युतराव आता बोरूने, मोठ्या अक्षरांत, घरीच उतरवून काढतात. डोळे चुरचुरतात, हात दुखतो; पण तो हात त्यांचा आहे. नावांपुढचे मायने मात्र त्यांनी काढलेले नाहीत.

जिने भय असताना खरे लिहिले, तिचा शब्द आणि तिची जागा दोन्ही टिकोत. ज्याने आळ सोसून गाडी आणली, त्याचे मन असेच मोकळे राहो. जो पगार आणि गुरू यांच्यामध्ये मान खाली घालून उभा राहिला, त्यालाही पुढच्या वेळी बोलण्याचे बळ मिळो. आणि त्या अकरा लेकरांच्या ओठी निर्मळ पाणी लागो.